फेरीबोटीवरचा काटा : धक्क्याची पानं शाईत

माझ्या कॉमिकमधला, गोव्यातल्या रायबंदरच्या फेरीधक्क्याचा प्रसंग पेन्सिलीत पूर्ण झाला, आणि निम्म्याहून जास्त पानांवर शाईही फिरली. ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. रायबंदर-चोडण फेरीबोटीत पायी चढणाऱ्याला आज पैसे पडत नाहीत. माझ्या कॉमिकमधल्या गोव्यात मात्र ‘इंधन बचत’ म्हणून बायकांना वजनाप्रमाणे भाडं आहे. बायकांनाच का, हे कोणी विचारत नाही, कारण सुरुवातीला बारीक बायकांना सवलत म्हणून ही योजना आली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुलभा त्याच फेरीवर दोर टाकते, रॅम्प सोडते. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, सुटलेल्या पोटाची.

सुलभेचं शरीर हेच या महिन्याचं मुख्य काम होतं. आकृतिचित्रणाच्या पुस्तकांत सामान्य माणूस साडेसात डोकी उंच (म्हणजे स्वतःच्या डोक्याच्या उंचीच्या साडेसात पट), आदर्श आठ, आणि वीरपुरुष नऊच्या आसपास धरतात. कॉमिकमधल्या बायकांची वाढीव उंची बहुतेक वेळा नुसत्या पायांत जाते. सुलभा साडेसहा डोक्यांची आहे. त्यामुळे उभ्या चौकटीत ती बसवली की वर नुसतं आभाळ उरतं, म्हणून धक्क्याची पानं आडव्या पट्ट्यांत मांडली. खरी गंमत दोर फेकताना येते. भार मागच्या टाचेवर, पोट एका बाजूला वळलेलं, काखेपासून कमरेपर्यंत शर्टाच्या चुण्या. एवढं नीट आलं की ती बाई ताकदवान आहे हे सांगायला मजकूर लागत नाही.

यासाठी मावशीला अंगणात कपडे वाळत घालायची दोरी ओढायला लावून फोटो काढले. ती म्हणाली, “अगो, पोट आहे तेवढं काढ, पण पदर नीट दाखव.” सुलभेला गणवेश आहे, पदरच नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

मध्ये पुन्हा वाचनही झालं. १९७७ साली सुरू झालेल्या ब्रिटिश ‘२००० एडी’ कॉमिक साप्ताहिकातल्या जज ड्रेड या पोलीस-न्यायाधीशाच्या महानगरात ‘फॅटीज’ नावाची माणसं आहेत. पोट इतकं मोठं की त्याखाली चाक लावून फिरतात. जुलमी शहराची टिंगल करता करता ते कॉमिक जाड माणसाचीच टिंगल करून जातं. हसू येतं, हे मान्य. पण हसणारा वाचक नकळत पोलिसांच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि मला तो तिथे नको आहे.

याच्या उलट टोकाला केली सू डिकॉनिक आणि व्हॅलेंटाईन डी लँड्रो यांचं ‘बिच प्लॅनेट’ हे कॉमिक. पहिला अंक डिसेंबर २०१४चा. न ऐकणाऱ्या बायकांना दुसऱ्या ग्रहावरच्या तुरुंगात धाडणारं जग. तिसऱ्या अंकात पेनी रोल या धिप्पाड कृष्णवर्णीय बाईला यंत्राला जोडतात. तिच्या मनातली स्वतःची आदर्श प्रतिमा पडद्यावर यावी, म्हणजे ती किती घसरली ते तिला कळेल, असा अधिकाऱ्यांचा बेत. पडद्यावर येते ती जशीच्या तशी पेनी. आणि पेनी हसते. मला यात सगळ्यात आवडतं ते हे की पेनीला सुधारायचं नाही आणि बारीकही व्हायचं नाही, आणि लेखिका त्याबद्दल माफीही मागत नाही.

तरी माझा पेच वेगळा आहे. वजनाच्या मोजणीचं दृश्य काढताना पाहणारा डोळा कुणाचा? सुलभा काट्यावर उभी, समोरून, पायापासून डोक्यापर्यंत, असं काढलं की वाचकही तिला मोजायला लागतो. म्हणजे चित्र मोजणीच्या विरोधात आणि कोन मोजणाऱ्याचा. म्हणून त्या चारही चौकटी तिच्या डोळ्यांतून घेतल्या : काट्याचा गंजलेला कठडा, कारकुनाची सोन्याची अंगठी, खिडकीपलीकडे चोडणचं खारफुटीचं रान, शेवटी तिच्या स्वतःच्या चपला आणि त्यांना अर्धवट झाकणारं पोट. तिचं पूर्ण शरीर दिसतं ते पुढच्या पानावर, दोर फेकताना.

गोव्यात गर्दी काढायची म्हटलं की व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा खांद्यावर येऊन बसतोच. त्याच्या बाजारातल्या, बसमधल्या माणसांत सगळ्या मापांची शरीरं आहेत. त्यासाठी मी त्याच्या गर्दीची नक्कल करत रात्री घालवल्या आहेत. पण मिस फोन्सेका किंवा मिस निंबूपानी ही त्याची पात्रं आली की रेघ लगेच छाती आणि कंबर यांच्यावरच थांबते. धक्क्यावरच्या रांगेत मला त्याची गर्दी हवी आहे, फोन्सेका नको.

तांत्रिक : पावसात कागद दमट होतो आणि ब्रशची शाई फुटते, त्यामुळे आता कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवते. संवादाचे फुगे संगणकावर. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, यामुळे ओळींत अंतर जास्त सोडावं लागतं आणि फुगा फुगतो. संवाद छाटणं हाच उपाय.

आता अडलंय ते भाड्याच्या पावतीवर. सुलभेच्या वजनाचा आकडा कुठेही दिसू द्यायचा नाही असं पक्कं आहे. पण पावतीवर रक्कम लागेल, आणि किलोमागे दर असेल तर तुमच्यातला कोणीतरी भागाकार करून वजन काढणारच, ओळखते मी तुम्हाला. म्हणून दर किलोमागे न ठेवता ‘श्रेणी’प्रमाणे करतेय. सरकारी वाटतील अशी, ऐकायला सभ्य आणि मुळात अपमानास्पद, तीन-चार श्रेणींची नावं सुचवा.