येळवशीची सुट्टी

तिकडे आपले सण करता का, हे तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. उत्तर येळवशीपाशी, म्हणजे शेतात करायच्या वेळ अमावस्येच्या सणापाशी, येऊन थांबते. दर दोन वर्षांनी ऑगस्टमध्ये आम्ही जर्मनीहून लातूरला येतो, तेव्हा हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतोच. फक्त शब्द बदलतात. औशाच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या आजीबाई म्हणतात, "तुमी तिकडं सण करताव का नाही?" शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, "दिवाळीची सुट्टी असते का गं तुम्हाला?" आणि ज्यांचा मुलगा परदेशी जायचा आहे ते जरा दबकत विचारतात, "लेकरांना आपलं काही राहतं का?" आजवर मी तिघांनाही "करतो की सगळं" असे म्हणून मोकळी होत आले. तुम्ही मात्र बसवून घेतलंत, चहा पुढे ठेवलात आणि मी उत्तर टाळले हे ओळखूनही पुन्हा विचारलंत.

माझे यजमान वाळूजच्या एमआयडीसीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते. त्याच कामाच्या ओघात २०१७ मध्ये आम्ही जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो, तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. मुलगा इथेच जन्मला. श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर आहे, असे इथले लोक कौतुकाने सांगतात. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून वाळूजची थोरली बहीण वाटत आले आहे: तीच पाळ्यांची घड्याळे, तोच कारखाना सुटण्याच्या वेळचा रस्ता, आणि ओळख करून देताना नावाआधी कंपनी सांगणारी तीच माणसे.

रोजचे जगणे सांगायचे तर डिसेंबरात सूर्य आठ वाजून गेल्यावर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे मुले अंधारात शाळेला जातात आणि यजमान अंधारातच घरी येतात. ज्वारीचे पीठ तमिळ दुकानात मिळते, पण ते आमच्यापर्यंत पोहोचेतो त्याची विरी गेलेली असते. उकळत्या पाण्यात मळूनही भाकरीला कडेने भेगा पडतात, आणि ती थापताना माझा हात लातुरात चालतो तसा चालत नाही. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी तुर्की दुकानात मिळते. नळाचे पाणी थेट पिता येते. या शहराचे बरेचसे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या बोडनसे नावाच्या तळ्यातून नळाने येते, हे कळल्यावर मला २०१६ चा उन्हाळा आठवला. मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटरवरून पाण्याची रेल्वे लातूरला आली तो उन्हाळा. त्या वर्षी लागलेली सवय अजून सुटलेली नाही. न्हाणीतल्या नळाला गरम पाणी येईपर्यंतचे थंड पाणी मी बादलीत धरते आणि झाडांना घालते. शेजारी याला पर्यावरणप्रेम म्हणतात, आणि मी ते खोडून काढत नाही.

इमारतीचा जिना धुण्याची पाळी आठवड्याआठवड्याने फिरते. पाळी आली की दारावर पाटी लटकवली जाते. या रिवाजाला इथे 'केअरवोखे' म्हणतात आणि जर्मन भाषेत 'केअरेन' म्हणजे झाडणे. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा 'केर' एवढे मला आपसूक समजले होते. या देशातला मला शिकवावा न लागलेला हा एकच शब्द. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात आवाज करायचा नाही, रविवारी दुकाने बंद, रविवारी भिंतीला खिळाही ठोकायचा नाही. या नियमांचा मला त्रास होत नाही. त्रास होतो तो दिवाळीत, कारण दिवाळी तर बहुधा कामाच्या दिवशीच येते.

म्हणजे मैत्रिणींच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. नरकचतुर्दशीला सूर्योदयच सात ते आठच्या दरम्यान असल्यामुळे अभ्यंगस्नान सहानंतर, नियम न मोडता उरकता येते, एवढी एक सोय निसर्गाने केली आहे. त्यानंतर डबे भरायचे आणि मुलांनी उटण्याच्या वासासकट गणिताच्या तासाला बसायचे. मराठी मंडळी सभागृह घेऊन पुढच्या शनिवारी दिवाळी करतात, तेथे फराळ असतो, गाणी असतात, सगळे छान असते, पण तिथी उलटून गेलेली असते. दिवाळीत फटाके विकतच मिळत नाहीत. ते वर्षाच्या अखेरच्या दोन-तीन दिवसांत विक्रीला येतात आणि ३१ डिसेंबरच्या रात्री सारे शहर एकदम उडवते. फुलबाजी तेवढी वर्षभर चालते. महालक्ष्म्यांचे मुखवटे मी लातूरहून हातातल्या पिशवीत आणले होते, आणि विमानतळावरच्या तपासणीत कापडात गुंडाळलेले दोन चेहरे पडद्यावर दिसल्यावर त्या अधिकाऱ्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते मी विसरणार नाही. मुखवटे ज्यांवर बसवतात त्या कोठ्या आणता आल्या नाहीत. कपडे टांगायच्या उंच स्टँडवर लक्ष्म्या उभ्या राहतात आणि साडी नेसवली की आतले काही दिसत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले तिकडे वळते. या देशाची खरी सुट्टी डिसेंबरात असते. नाताळापूर्वीच्या चार रविवारी एकेक करून चार मेणबत्त्या लावतात. ५ डिसेंबरच्या रात्री मुले बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यांत अक्रोड, संत्री, चॉकलेट सापडते. घरोघरी बिस्किटे भाजली जातात, त्यांना श्वाबी बोलीत 'गुट्सले' म्हणतात. पहिल्या वर्षी मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिवाळीचा फराळ स्टीलच्या डब्यातून दिला, तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी डबा लख्ख धुऊन परत केला. रिकामा. आमच्या गावी रिकामे भांडे परत करणे म्हणजे जवळजवळ भांडणच, त्यामुळे मी आठवडाभर खट्टू होते. पुढे केव्हातरी हसत हसत त्यांना आपली रीत सांगितली. तेव्हापासून त्यांचा डबा डिसेंबरात परत येतो, दीड महिन्याने, चंद्रकोरीच्या आकाराच्या पांढऱ्या गुट्सल्यांनी भरून. आणि माझा मुलगा त्यांना करंज्याच म्हणतो. त्या बाईंना मी आजही आडनावाने आणि 'आपण' अशा अर्थाच्या सर्वनामाने हाक मारते. या लेखात त्यांना काकू म्हणते, कारण मनात त्या तशाच आहेत.

२४ डिसेंबरला दुपारी दुकाने बंद होतात, २५ आणि २६ हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी, कारखाने बहुतेक नव्या वर्षापर्यंत बंद, आणि शाळांना ६ जानेवारीच्या आगेमागेपर्यंत सुट्टी. नेमकी याच पंधरवड्यात बऱ्याचदा मार्गशीर्ष अमावस्या येते, म्हणजे आपली वेळ अमावस्या. आपण जिला येळवस म्हणतो ती. दर वर्षी जमतेच असे नाही. चांद्र वर्ष अकरा दिवसांनी मागे सरकते आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलले जाते, त्यामुळे २०२४ मध्ये ती ११ जानेवारीला आली तेव्हा शाळा सुरू झाली होती. पण २०१९ मध्ये ती २६ डिसेंबरला आली, नंतर २ जानेवारी २०२२ च्या रविवारी, मग २३ डिसेंबर २०२२ ला, मग ३० डिसेंबर २०२४ ला. लातूरला जिल्हाधिकारी या दिवसाची स्थानिक सुट्टी जाहीर करतात. पुण्याच्या माणसालाही ज्या सणाचे नाव समजावून सांगावे लागते, त्याची सुट्टी मला श्टुटगार्टमध्ये मिळते. दिवाळीची मिळत नाही.

हे वाचणाऱ्यांत मराठवाड्याबाहेरचेही असतील, म्हणून थोडे विस्ताराने सांगते. कन्नडमध्ये 'एळ्ळु' म्हणजे तीळ, त्यावरून 'येळ' हे नाव आले असे मानतात, आणि तिळाची पोळी त्या दिवशी असतेच. रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यावर आलेला असतो. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोप, करतात, तीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव मांडतात. जेवणात बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ताकात शिजवलेली ज्वारीच्या पिठाची आंबील, आणि भज्जी. भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे पुण्यामुंबईच्या मंडळींना मला प्रत्येक वेळी सांगावे लागते. तुरीचे ओले दाणे, सोलाणे, वाटाणा, वाल, मेथी, चाकवत, पातीचा कांदा, गाजर, त्या दिवशी शेतात जे जे हिरवे आहे ते सारे चिंच आणि बेसन लावून एका पातेल्यात शिजवलेले. तिची कृती लिहून देता येत नाही, कारण ती शेतागणिक बदलते. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हात धरून पंगतीला बसवतात. लातूर शहर त्या दिवशी दुपारी ओस पडते. आंबील पिकावर शिंपतात, दिवेलागणीला दूध उतू घालवतात, ते कोणत्या दिशेला उतू गेले ते बघतात आणि हेंडगा, म्हणजे पेटवलेली कडब्याची पेंढी, घेऊन पोरे शेताभोवती धावतात.

आता यातले फ्लॅटमध्ये काय करणार? गणपती पाटावर बसतो, महालक्ष्म्या कोपऱ्यात उभ्या राहतात, दिवाळी तर पणतीतही मावते. येळवशीला शेत लागते. २०१९ साली आम्ही नुसती भज्जी केली. त्या दिवशी सूर्यग्रहण होते आणि भारतात सकाळीच दिसणार होते. "गिराण सुटल्याबिगर चूल पेटवायची नाही," असे आईने फोनवर बजावले. ती औसा तालुक्यात, मी इथे. तिथले ग्रहण सुटले तेव्हा माझ्याकडे उजाडलेही नव्हते. तरी मी थांबले. जेवताना मुलगी म्हणाली, ही भाजी हिरवी का आहे आणि ती आजच का करायची? मला उत्तर देता येईना, कारण त्या उत्तरासाठी खिडकीबाहेर बोट दाखवावे लागते, आणि खिडकीबाहेर पार्किंग होते.

दबकत विचारणाऱ्यांना मी जे सांगत नाही ते हे. इथे शाळा सक्तीची आहे. सणासाठी आठवडाभर मूल घरी ठेवून भारतात नेता येत नाही. नाताळची सुट्टी दोन आठवड्यांची, आणि तिकिटे त्याच दिवसांत सर्वांत महाग. म्हणून आम्ही मोठ्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये येतो. माझ्या मुलांनी आजोळचे शेत अनेकदा पाहिले आहे, पण दर वेळी सोयाबीनचे, चिखलातले. ज्वारी उभी असलेले शेत त्यांनी पाहिलेले नाही. मुलीने चित्रात आजीचे शेत काढले तेव्हा गुडघ्याएवढी झाडे काढली आणि वर पाऊस. ते चित्र चुकीचे नाही, पण मला ते बघवेना. सण करतो का, तर करतो. मात्र ज्याच्यासाठी तो सण आहे ती वस्तू त्यांनी पाहिलेली नाही, आणि पंचांग व शाळा यांच्यात जोवर असेच चालले आहे तोवर ती बघणार नाहीत.

२०२४ च्या नाताळात काकूंचा डबा वर आला तेव्हा मी हे त्यांना सांगितले, तक्रार म्हणून नव्हे, ओघात. नेकर नदीवरच्या उतारावर त्यांचे सफरचंदाच्या झाडांचे छोटे वावर आहे, एका लाकडी खोपटासह. इथे अशा वावराला 'ग्यूटले' म्हणतात. त्यांनी किल्ली आणून दिली. २९ तारखेला रविवार होता, म्हणून शनिवारीच सारी खरेदी उरकली: गुजराती दुकानातले गोठवलेले तुरीचे दाणे, तुर्की दुकानातला पालक, आणि चाकवताच्या जागी काहीच नाही.

सोमवारी, येळवशीला, बाहेर कडाक्याची थंडी होती. द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांची कोप झाली, कमरेएवढीच. नदीकाठचे पाच दगड तांदळाच्या पिठाने पांढरे केले. मुलाने विचारले, पांडव इतक्या लांब कसे आले? तिकीट स्वस्त मिळाले असेल, असे म्हणून मी वेळ मारून नेली. काकू पंगतीला होत्या. आंबील त्यांना आवडली नाही आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. भज्जी दोनदा घेतली. शेजारच्या वावरातला एक गृहस्थ कुंपणापाशी उभा राहून बघत होता, त्याला यजमानांनी हाताला धरून आत आणले. असे इथे कोणी करत नाही. तो बिचारा इतका गोंधळला की उभ्यानेच खीर खाऊन गेला.

साडेचारला अंधारले. उघडा जाळ करायला तिथे परवानगी नव्हती, त्यामुळे हेंडगा नव्हता. इथली मुले ११ नोव्हेंबरला कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. मुलाने तो कंदील घरून आणला होता, कोणी न सांगता. तो काठीला लावून तो सफरचंदाच्या झाडांभोवती धावू लागला आणि त्याच्या मागे मुलगी. मी गॅसच्या छोट्या शेगडीवर बोळक्यात दूध ठेवले आणि आईला फोन लावला. तिथे रात्रीचे नऊ वाजले होते, ती नुकतीच शेतातून आली होती आणि पाय धूत होती.

"दूध गेलं का उतू?"

"आत्ताच गेलं."

"कोन्या अंगाला?"

मी इकडेतिकडे पाहिले. ढगांमागे सूर्य कुठे मावळला ते कळत नव्हते. मुलगी धावत आली, मोबाइलमधले होकायंत्र उघडून बोळक्याजवळ धरले, आणि आजीला जर्मन शब्दात दिशा सांगितली. आई म्हणाली, "म्हंजे कोन्ता अंग गं?" तेव्हा दोघे भावंडे मिळून मराठी शब्द शोधू लागली. 'पूर्व' आठवला, 'उत्तर' आठवला, मधल्याला काय म्हणतात ते आठवेना. मी सांगणार होते, पण आई तिकडून म्हणाली, "तू गप ऱ्हा, त्यास्नी सांगू दे."