आमची वाटचाल : पंक्चरच्या टपरीपासून आऱ्यामागच्या वजनापर्यंत

कारंजा लाडहून दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबांनी पंक्चरची टपरी टाकली, तेव्हा तिच्यापुढे मोटारींपेक्षा टायरच्या बंड्या आणि ट्रॅक्टरच अधिक उभे राहत. कापसाने भरलेल्या बंडीचे चाक वाटेत बसले, तर बैल बाभळीखाली सोडून शेतकरी तिथेच टेकत असे आणि ट्यूबला ठिगळ लागेपर्यंत बाबांशी कापसाच्या भावाच्या गोष्टी करत असे. चाकाचे बॅलन्सिंग, म्हणजे रिमवर छोटी वजने लावून चाकाचा भार सगळ्या बाजूंनी सारखा करणे, हा शब्द तेव्हा आमच्या घरात कोणी उच्चारला नव्हता, कारण बैलांच्या चालीने फिरणाऱ्या चाकाला त्याची गरजच नव्हती.

ती गरज वेगाबरोबर आली. चाकाच्या एका बाजूला काही ग्रॅम अधिक असले, तर त्यातून निर्माण होणारा ओढा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी ६० किलोमीटरला जो झटका असतो, तो १२० ला दुप्पट नव्हे तर चौपट होतो. मध्यम आकाराच्या मोटारीच्या रिमवर ३० ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सुमारे पाच किलोच्या ओझ्याइतका जोर लावतो आणि तोही सेकंदाला चौदा-पंधरा वेळा. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि आमच्या भागातल्या मोटारींना प्रथमच तासन्‌तास एकाच वेगाने धावायला मोकळा रस्ता मिळाला. तोवर गावातल्या खड्ड्यांत लपून राहिलेला दोष तिथे उघडा पडला. "भाऊ, शंभरच्या वर गेली का स्टेअरिंग थरथरते, काहून होत असन?" हा प्रश्न घेऊन माणसे येऊ लागली, आणि त्यांतली निम्मी येताना अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ जुळवणे) करून द्या असेच म्हणत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट पाहावे, ठरावीक वेगाला थरथर येत असेल तर आधी बॅलन्सिंग पाहावे, हे मी तेव्हापासून सांगत आलो आहे. थरथर स्टेअरिंगमध्ये जाणवली तर संशय पुढच्या चाकांवर आणि बैठकीत जाणवली तर मागच्या चाकांवर घ्यावा.

चाक फिरवून त्यावर कुठे किती ग्रॅम लावायचे ते दाखवणारे बॅलन्सिंगचे यंत्र आम्ही समृद्धीच्या आधीच घेतले होते, तेही जुने, आणि पहिले कित्येक महिने त्याने आम्हाला रडवले. एकच चाक दोनदा फिरवले तर दोन वेगळे आकडे दिसत. विकणाऱ्याला मी बरेच बोललो, पण दोष यंत्राचा नव्हता. आमची जागा काळ्या मातीची. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वर ओतलेली पातळ फरशी तडकून यंत्राचा पाया सूक्ष्मपणे डुलत होता. शेवटी तो कोपरा खोल खणून माती काढली, मुरूम भरून ठोकला, त्यावर जाड काँक्रीट ओतून बोल्ट पक्के केले, आणि मगच आकडे स्थिर झाले. यंत्राच्या किमतीच्या मानाने हा खर्च लहान होता, तरी तो आधी करायचे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

लोखंडी रिमच्या काठावर हातोडीने ठोकायची वजने आम्हाला चांगली जमत होती. मिश्रधातूच्या अलॉय रिम आल्यावरही आम्ही काही दिवस तोच हात चालवला, आणि एका गुरुजींच्या नव्या गाडीच्या चारही रिमच्या बाहेरच्या काठावर वजनांच्या पकडीचे ओरखडे उमटले. त्यांनी आवाज चढवला नाही, रुमालाने रिम पुसत ते एवढेच म्हणाले, "थरथर गेली, पण आता ही रोज दिसन." त्या दिवशी मी पैसे घेतले नाहीत, आणि अलॉयला हातोडी लावणे दुकानात बंद झाले.

पाठीमागे गोंद असलेली चिकटपट्टीची वजने त्यानंतर आणली. त्यांची साधी पद्धत अशी की ती रिमच्या आतल्या पृष्ठभागावर, यंत्र दाखवील तिथे लावावीत. पण यंत्राने दाखवलेली जागा दोन आऱ्यांच्या मधोमध आली, की तो चंदेरी तुकडा फटीतून बाहेर डोकावतो. यावर यंत्रातच उपाय असतो. त्याला आऱ्यांची संख्या सांगायची, एक आरा बरोबर वर आणून बटण दाबायचे, आणि ते एकाच जागेचे वजन शेजारच्या दोन आऱ्यांमागे वाटून देते. दोन्हीकडचा ओढा मिळून मधल्या जागेइतकाच भरतो. मात्र दोन्ही वजने थोडी तिरपी ओढत असल्याने निम्मे-निम्मे घालून भागत नाही: पाच आऱ्यांच्या रिमवर बरोबर मध्यभागी ४० ग्रॅम हवे असतील, तर दोन्ही आऱ्यांमागे २५-२५ ग्रॅम, म्हणजे एकूण ५० ग्रॅम लावावे लागतात.

या वाढीव १० ग्रॅमवरून आमची चांगलीच अडचण झाली. तेव्हा आम्ही बॅलन्सिंगची मजुरी वेगळी आणि वजनाचे पैसे ग्रॅमवर घेत होतो, आणि हिशेब पाहून एका ग्राहकाने तोंडावर विचारले की लपवायच्या नावाखाली ग्रॅम वाढवता काय. त्याला भूमिती समजावण्यात माझी अर्धी दुपार गेली आणि तरीही त्याला ती पटली नाही. त्याचा संशय चुकीचा असला तरी आमची दराची पद्धतच संशयाला जागा देणारी होती, असे माझे मत झाले. त्या आठवड्यापासून आम्ही प्रति चाक एकच दर ठेवला, वजन कितीही लागो.

प्रत्यक्ष कामात वेळ जातो तो पुसण्यात. जुनी वजने खरवडून काढतो, त्यांचा गोंदही उरू देत नाही, आणि ब्रेकची काळी भुकटी स्पिरिटच्या फडक्याने निघेपर्यंत आरा व कड पुसतो. मग पट्टी तोडून, गोंदाला बोट न लावता बसवतो आणि अंगठ्याने दाबून धरतो. डिसेंबरच्या सकाळी रिम गार असते आणि गोंद नीट धरत नाही, म्हणून आधी ती गरम हवेने कोमट करून घेतो. आत लावलेली पट्टी ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाआडच्या ब्रेकच्या पकडीला, घासणार नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहतो. एकदा हे पाहायचे राहिले आणि ग्राहक मूर्तिजापूरला पोचायच्या आत पट्टी घासून निघून गेली होती. शेवटी यंत्रावर चाक पुन्हा फिरवतो. पाच ग्रॅमच्या आतला फरक यंत्र शून्य म्हणूनच दाखवते, म्हणून बारीक आकड्याचे बटण दाबून खरी उरलेली तफावतही पाहतो. वजने आम्ही शक्यतो काळ्या लेपाची वापरतो, कारण आऱ्याच्या सावलीत ती अजिबात उठून दिसत नाहीत.

खरिपात मात्र आमची निम्मी कमाई आम्ही स्वतःहून सोडतो. पांदण रस्त्याने शेतात गेलेली मोटार परत येते तेव्हा रिमच्या आत काळ्या मातीचा थर वाळून बसलेला असतो, आणि तो एका बाजूला बसला की त्याचे वजन आमच्या पट्ट्यांच्या कितीतरी पट भरते. अशा गाडीचे चाक आम्ही थेट यंत्रावर चढवत नाही. आधी आतून धुतो, ग्राहकाला रस्त्यावर एक चक्कर मारून यायला सांगतो, आणि थरथर गेली असेल तर धुण्याचेही पैसे मागत नाही. धाकटा भाऊ यावरून अजून कुरकुरतो.

बाबा आता ट्यूबचे काम फारसे करत नाहीत. तयार झालेले चाक गाडीला लावण्याआधी ते आपल्या खुर्चीजवळ मागून घेतात, चष्मा न लावता आऱ्यांच्या मागून बोटे फिरवतात, आणि पट्टीची एखादी कड उचललेली हाताला लागली तर ते चाक पुन्हा आमच्याकडे ढकलून देतात.