घोटिंगाखालची सकाळ

नऊ वाजून गेले तरी धनेशाचा नर ढोलीकडे फिरकला नव्हता. मी वही काढून बघितलं. ७.१० : समोरच्या आसनाच्या झाडावर बसला, ओरडला, उडाला. ७.४० : तेच. ८.२० : तेच. माझ्यामागे पाच पाहुणे, तीन मोठ्या लेन्स, त्यांतल्याच एकाची दहा वर्षांची मुलगी आणि तिचा बिस्किटांचा पुडा. एप्रिलचा तिसरा आठवडा, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं रान, झाडाचं पान हलत नव्हतं. शर्ट पाठीला चिकटला होता.

"लाजतोय तो," मी पाहुण्यांना म्हणालो.

तीन वर्षं नॅचरलिस्ट म्हणून पगार घेणाऱ्या माणसाने हे वाक्य उच्चारलं. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

माझ्या ओळखपत्रावर 'नॅचरलिस्ट' असं छापलेलं आहे. मी नेमकं काय करतो हे आईला अजून नीट सांगता येत नाही, शेजारीण विचारते तेव्हा ती म्हणते, "लोकांना रान दाखवतो." वाळपईला वाढलो, त्यामुळे रान आपल्याला माहीत आहे अशी माझी समजूत होती. वर वनस्पतिशास्त्राची पदवी. चोर्ला घाटाच्या बाजूला एका निसर्ग-निवासात नोकरी लागली आणि पहिल्याच जूनमध्ये ती समजूत पावसात वाहून गेली. रात्री व्हाळाकाठी उभा राहिलो तर चारी बाजूंनी बेडूक ओरडत होते आणि मला त्यातला एकही आवाज ओळखता येत नव्हता. झाडाला लॅटिन नाव असतं, पाठ करता येतं. अंधारातल्या आवाजाचं काय करायचं?

तिथल्या वरिष्ठांनी एकच काम दिलं : वर्षभर रोज तीच दीड किलोमीटरची वाट चालायची आणि वही लिहायची. सुरुवातीला शिक्षा वाटली. जुलैत पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचा गोळा लटकलेला दिसला, साबणाच्या फेसासारखा. मलबारी उडत्या बेडकाचं ते घरटं. अंडी फेसात वाढतात आणि पिल्लं खाली पाण्यात टपकतात. ते टपकताना बघायला मी चार संध्याकाळी जळवांना रक्त दिलं. त्याच वाटेवर एका झुडपावर मलबारी चापडा, साप, बसला होता. दुसऱ्या दिवशी तिथेच. तिसऱ्या दिवशीही. माझ्या वहीत तो सलग अकरा दिवस आहे, वेटोळं जरासं बदललेलं, एवढंच. पाहुण्यांना वाटतं साप शोधावा लागतो. हा सापडला की मग त्याची रोजची हजेरी घेता येते. पावसाळ्यातल्या एका रात्री टॉर्च बंद करून वीस मिनिटं नुसतं उभं राहायला सांगितलं गेलं. डोळे अंधाराला सरावले तशी पायाजवळची कुजकी काटकी हिरवट उजळायला लागली. बुरशीचा उजेड. इतके दिवस त्याच्यावरून टॉर्च मारत गेलो होतो.

सप्टेंबरात सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, सीतेची आसवं आणि दवबिंदू. दोन्ही किडे खाणाऱ्या वनस्पती. जांभ्या दगडावर मातीच नसल्यासारखी, मग नायट्रोजन आणायचा कुठून, म्हणून. थंडीत जमीन वाचायला शिकलो. गवारेड्याचं शेण, उदमांजराच्या विष्ठेतल्या भेरली माडाच्या बिया, अस्वलाने उकरलेलं वारूळ. उदमांजर आपली विष्ठा वाटेतल्या उघड्या दगडावर, मुद्दाम दिसेल अशी ठेवतं. ही उठाठेव शाळकरी पोरांना फार आवडते.

मोठ्यांना मात्र वाघ हवा असतो. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटर, आणि पहिल्या चहाला पहिला प्रश्न हाच : वाघ दिसेल का? मी जानेवारी २०२० बद्दल सांगतो. गोळावली परिसरात चार वाघ विषबाधेने मेले तेव्हाबद्दल. मग चहा शांतपणे पितात.

तर त्या सकाळचं घोटिंग. बेहड्याला आमच्याकडे घोटिंग म्हणतात. ते कुठे आहे हे मी लिहिणार नाही. त्याच्या खोडावर, बरीच उंच, एक ढोली आहे, आणि ती मला दाखवली आजोने. आजो म्हणजे माझे कोणी नव्हेत. खालच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, आणि काजूच्या डोंगरावर काम करणारे सत्तरी उलटलेले गृहस्थ, ज्यांना सगळा गाव आजो म्हणतो. मार्चमध्ये त्यांनी बोट दाखवलं आणि म्हणाले, "बायल भितर आसा, घोव भायर भोंवता."

आत मादी होती. मलबारी कवड्या धनेशाची. आम्ही त्याला माडगरुड म्हणतो. मादी ढोलीत शिरते आणि स्वतःच्या विष्ठेने, चिखलाने, फळांच्या गराने तोंड लिंपून घेते. उरते ती फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. आत तिची पिसं झडतात, उडता येत नाही. अंडी, पिल्लं, उन्हाळा, सगळं त्या फटीतून. बाहेरचा नर जे आणील ते. गळ्यात वडा-उंबराची फळं भरून आणतो आणि एकेक करून वर काढून फटीत देतो. तो आला नाही तर आतल्यांचं काही खरं नाही. हे मी पाहुण्यांना दर वेळी रंगवून सांगायचो. त्या दिवशीही साडेसहाला, झाडाकडे जाताना, सांगितलं होतं.

आणि तरी मी त्यांना घोटिंगाच्या बुंध्यापासून वीस पावलांवर, उघड्यावर बसवलं होतं.

का, तर आदल्या संध्याकाळी निवासाच्या मालकांनी सांगितलं होतं, "हे लोक फोटोसाठी बेळगावहून आलेत, जरा जवळून दाखव." मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. शिवाय एक चोरटा अभिमानही होता : घरटं माझं, मी रोज बघतो, तो मला ओळखतो. पक्षी आपल्याला ओळखतो असं वाटायला लागलं की रानात काम करणाऱ्याने दोन दिवस रजा घ्यावी.

सव्वानऊला मागून पाचोळा वाजला. डोक्यावर काजूच्या बोंडूंची पांटली, म्हणजे टोपली, घेऊन आजो येत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, पांटली उतरवली.

"हांगा कित्याक बसल्यात?"

"आजो, नर येतोय आणि परत जातोय. घाबरट आहे यंदाचा."

आजो हसले नाहीत. आसनाच्या झाडाखाली गेले, खाली वाकले, आणि मूठ माझ्यापुढे उघडली. मुठीत वडाची लाल फळं होती, सहा-सात, ओलसर, अख्खी.

"तुमी हांगा आसात मेरेन तो येवचो ना." तुम्ही इथे आहात तोवर तो येणार नाही.

मी दुर्बीण वर केली. नर पुन्हा आसनावर आला होता. आता मला दिसलं ते आधी तीन वेळा दिसायला हवं होतं. गळा फुगलेला. चोचीच्या टोकाशी फळ आणतो, ढोलीकडे बघतो, आमच्याकडे बघतो, फळ परत गिळतो. एक निसटलं आणि खाली पडलं. लाजत वगैरे नव्हता. गळाभर खाऊ घेऊन दोन तास उंबऱ्यावर उभा होता आणि उंबऱ्यात आम्ही बसलो होतो.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना उठायला सांगितलं. एका गृहस्थांना ते पटलं नाही. "तीन तास बसलोय, आता येईलच," ते म्हणाले, आणि मग पैशांचा विषय निघाला. मी म्हणालो, पैसे परत मिळतील. तो अधिकार मला नव्हता. आजो तोवर पांटली डोक्यावर घेऊन चालायला लागले होते, आणि ती मुलगी बिस्किटाचा पुडा बंद करून त्यांच्या मागे. मग तिचे वडील. मग बाकीचे, लेन्स काखोटीला मारून, कुरकुरत.

व्हाळ ओलांडून करवंदीच्या जाळीमागे बसलो. घोटिंग तिथून सत्तरेक पावलं. पानांच्या फटीतून ढोलीचा अर्धाच भाग दिसत होता. फोटोच्या दृष्टीने काडीचा उपयोग नाही. कुणी बोललं नाही, काही जण रागाने, पण शांतता ती शांतताच.

अठरा मिनिटांनी पंखांचा आवाज आला. धनेश उडतो तेव्हा लांबूनही ऐकू येतं, जणू कोणी धोतर झटकत जातंय. तो थेट ढोलीवर उतरला, शेपूट खोडाला टेकवली, आणि फटीतून मादीच्या चोचीचं टोक बाहेर आलं. एक फळ. मान मागे, गळ्यातून दुसरं वर. दुसरं फळ. मुलगी ओठ न हलवता बोटांवर मोजत होती. हातांची बोटं संपल्यावर तिने माझी धरली. एकवीस झाली. मग नराने सालीचा एक तुकडाही दिला, तोही आत गेला.

दुपारी मालकांच्या खोलीत काय झालं ते लांबवत नाही. त्या महिन्याच्या पगारातून परताव्याची रक्कम गेली, आणि बऱ्याच वादानंतर निवासाच्या पाहुण्यांसाठी जाळीच्या पुढे घोटिंगाकडे न जायचा नियमही ठरला. सौदा वाईट नव्हता.

संध्याकाळी मी मागच्या तीन आठवड्यांची वही काढून बसलो. फेऱ्यांच्या वेळा होत्या, फळांची संख्या होती, ऊन, वारा, माकडांचे इशारे, सगळं. दोन फेऱ्यांमधलं अंतर कधी पाऊण तास, कधी अडीच तास. मी त्याचा संबंध उन्हाशी लावून एक छोटासा सिद्धांतही मांडला होता, खाली रेघ मारून. पण मी कुठे बसलो होतो हे एकाही पानावर नव्हतं. आठवून, फोटोंवरच्या वेळा बघून, जमेल तेवढं भरलं. अडीच तासांच्या बहुतेक दिवशी मी पाहुण्यांना घेऊन उघड्यावर होतो. सिद्धांतावर काट मारली.

मेच्या अखेरीस लिंपण फुटलेलं दिसलं. पिल्लं बाहेर पडताना बघायला मिळाली नाहीत. त्या दोन दिवसांत मी दुसऱ्या गटाबरोबर सड्यावर होतो. जूनमध्ये, पाऊस चांगला लागल्यावर, प्रथमच घोटिंगाच्या अगदी बुंध्याशी गेलो. ढोलीच्या बरोबर खाली रोपांची दाटी झाली होती. दोन-दोन पानांची, काही अजून बीचं टरफल डोक्यावर घेऊन. मधे काजऱ्याच्या बिया पडल्या होत्या, चपट्या, राखाडी, जुन्या पैशासारख्या, बोट फिरवलं तर रेशमी. काजऱ्याचं बी माणसाला विष; धनेश वरचा गर खातो आणि बी टाकून देतो. तीन महिने तो नर कुठे-कुठे जाऊन आला त्याची यादीच जमिनीवर उगवली होती. ती ओळखायला मला दोन दिवस लागले, आणि चार रोपं अजून ओळखू आलेली नाहीत. ती मोठी होतील तेव्हा बघू.

या मार्चमध्ये ढोली पुन्हा लिंपली गेली. नव्या वहीचं पहिलं पान असं आहे :

जागा : व्हाळापलीकडे, करवंदीच्या जाळीमागे. माणसं : एक. शर्ट : मातकट. ६.५० : नर आला, थेट ढोलीवर. फळं चौदा. ७.१५ : आजो आले. माणसं : दोन. आजो विडी ओढतात, वारा आमच्याकडून झाडाकडे. ७.५५ : नर आला. फळं मोजता आली नाहीत, आजो बोलत होते.