उन्हाळ्यासाठी धागा निवडताना
उन्हाळा लागला की मांडीवर लोकरीचा ढीग नकोसा होतो, हात मात्र सुयांवाचून स्वस्थ बसत नाहीत. म्हणून बिनबाह्यांचा, जाळीदार विणीचा टॉप करायचे ठरवले; धाग्याचा प्रश्न तितक्या सहज सुटला नाही. निव्वळ सुती धागा घाम टिपतो, पण त्यात लोकरीचा लवचीकपणा नसल्याने बोटे लवकर दुखतात आणि जड कपडा अंगावर हळूहळू लांबत जातो. लिनन आधी सुतळीसारखे राठ लागते, तरी धुण्यागणिक मऊ पडते. शेवटी दोहोंच्या मिश्रणाचा बारीक धागा घेऊन ४ मिमीच्या बांबूच्या सुयांवर चौकोनी नमुना विणला, धुऊन वाळवला आणि मगच टाके मोजले. न धुतलेल्या नमुन्यावर माझा तरी विश्वास नाही. वीण उभ्या अंगाने किंचित आटली आहे, तेवढ्या ओळी वाढवून घेणार आहे.