सुपर पंपर, १:५० – इंजिनाचा त्रिकोण बसला, होजची घडी सुरू

न्यूयॉर्क अग्निशमन दलाच्या सुपर पंपरचं पन्नासाव्या हिश्शातलं मॉडेल मी करतोय. त्याचा ट्रेलर चाकांवर उभा राहिला आणि इंजिन आत बसलं. ट्रॅक्टरची केबिन अजून प्रायमरमध्येच (रंगाआधीच्या अस्तरातच) आहे, तिच्याबद्दल पुढच्या वेळी.

या गटात नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. सुपर पंपर म्हणजे एक बंब नव्हे, पाच गाड्यांचा ताफा. मॅक या ट्रक कंपनीने तो १९६५ मध्ये बांधून दिला. मुख्य पंप (हाच तो ट्रेलर), त्याच्या जोडीला सुपर टेंडर आणि तीन सॅटेलाइट, म्हणजे होज (पाण्याची नळी) आणि पाण्याच्या तोफा नेणाऱ्या गाड्या. मुक्काम ब्रुकलिनमध्ये, इंजिन कंपनी २०७ या दलाच्या तुकडीकडे. आराखडा विल्यम फ्रान्सिस गिब्ज यांचा. ‘युनायटेड स्टेट्स’ हे प्रवासी जहाज ज्यांनी आखलं तेच हे गिब्ज. न्यूयॉर्कची ‘फायर फायटर’ ही १९३८ची अग्निशमन नौकाही त्यांचीच. नौकेवरचा पंप सडकेवर आणायचं धाडस जहाजं बांधणाऱ्या माणसाने करावं, हे मला फार आवडतं.

आकडे बघा. मिनिटाला ८,८०० अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ३३,३०० लिटर, आणि तेही ३५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाने. आपल्या गल्लीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर या पंपाला अठरा सेकंद पुरला असता. एवढं पाणी एका हायड्रंटमधून (बंबासाठीच्या रस्त्यावरच्या नळातून) मिळणं शक्यच नाही, म्हणून एका वेळी आठ हायड्रंट जोडायची सोय होती, किंवा गाडी थेट नदीकाठी लावून पाणी खेचायचं.

एवढी ताकद कुठून? नेपियर कंपनीचं डेल्टिक डिझेल इंजिन. आपल्यातल्या रेल्वेवाल्यांचे कान इथे टवकारतील, कारण ब्रिटिश रेल्वेच्या प्रसिद्ध डेल्टिक लोकोंमध्ये याच घराण्याची इंजिनं होती. अठरा सिलिंडर, छत्तीस पिस्टन. प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावतात, आणि असे तीन-तीन सिलिंडर उलट्या त्रिकोणात बसवलेले. त्रिकोणाच्या तिन्ही टोकांना एकेक क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा), त्यातला एक बाकी दोघांच्या उलट फिरतो. सुपर पंपरमध्ये या इंजिनाकडून २,४०० अश्वशक्ती घेतली होती.

ट्रेलरची बाजू कायमची बंद केली तर हे सगळं झाकलं जाणार आणि ते मला मान्य नव्हतं. म्हणून एका बाजूचं पॅनेल काढता येईल असं ठेवलंय, आतून दोन बारीक चुंबकांवर बसतं. त्रिकोणाच्या तीन भिंती एक मिलिमीटर प्लास्टिक शीटच्या, टोकांची क्रँककेस अर्ध्या नळीची. भिंती साठ अंशांना चिकटवण्यासाठी लाकडाचा साचा आधी करून घेतला. तो नसेल तर या भागाला हात लावू नका, तिसरी भिंत कधीच जुळत नाही. रंग मुद्दाम मंद करडा ठेवलाय, आणि सांध्यांत काळपट तेलाचा एक पातळ हात दिलाय. त्यामुळे बोल्टची डोकी उठून दिसतात.

आता खरा वेळखाऊ भाग, होज. सॅटेलाइटवर साडेचार इंची होज असायची, एकेका गाडीवर २,००० फूट. रिकामी होज चपटी होते, म्हणजे साधारण १८० मिमी रुंद. आपल्या प्रमाणात साडेतीन मिमीची फीत लागते, आणि लांबी बारा मीटरच्या वर. एवढी फीत एका गाडीत! शिवणकामाच्या दुकानातली सुती फीत घेतली, चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली आणि पातळ फेविकॉलमध्ये ओली करून पुढे-मागे घड्या घालतोय. सॅटिनची घेऊ नका, ती चमकते आणि घडी धरत नाही.

पाचही गाड्या का करतोय, एक पंप पुरे नाही का, असं काही जण विचारतात. नाही पुरे. न्यूयॉर्कच्या दलात कामाची वाटणी फार जुनी आणि कडक आहे. इंजिन कंपनी पाणी आणणार, शिडीवाली कंपनी दारं फोडणार, माणसं शोधणार, धूर बाहेर काढणार. हेल्मेटच्या समोरच्या चामडी पट्टीवरूनही ते कळतं: इंजिनची काळी, शिडीवाल्यांची लाल. सुपर पंपर हीच रीत मोठ्या मापात पाळतो. पंप पाण्यापाशी थांबतो आणि आगीवर मारा करतात टेंडर आणि सॅटेलाइटवरचे मॉनिटर, म्हणजे पाण्याच्या तोफा. मधली अंथरलेली होज नसेल तर एकटा ट्रेलर कपाटात नुसता ठोकळा दिसेल.

शिडीवाल्यांवरून आठवलं. देखाव्यात त्यांचाही एक जवान उभा राहणार आहे, हातात हॅलिगन. ही पहार ह्यू हॅलिगन या दलातल्याच अधिकाऱ्याने १९४८ मध्ये तयार केली. आपल्याच अधिकाऱ्याचा माल म्हणून न्यूयॉर्कने ती सरकारी खर्चाने घेतली नाही, बॉस्टनने घेतली, आणि न्यूयॉर्कच्या जवानांनी पदरच्या पैशांनी विकत आणली. पन्नासाव्या हिश्शात ती जेमतेम दीड सेंटिमीटर होते. पितळी तार ठोकून फाळ झालाय, बाजूचा टोकदार खिळा डाग देऊन लावायचा राहिलाय.

सुपर पंपर १९८२ मध्ये निवृत्त झाला, पण सॅटेलाइट गाड्या त्या दलात आजही आहेत. त्यामुळे तीनपैकी एक सॅटेलाइट आजच्या रूपात करावी का, हा विचार मनात घोळतोय. एकाच काळातला ताफा हवा असं माझं मत, तरी तुमचंही कळवा. आणि अडीच मिमी व्यासाची कपलिंग (होज जोडायची कडी) कोणी पितळेत कातून दिली असतील तर लेथवाल्याचा पत्ता नक्की सांगा. मला बरीच लागणार आहेत.