एक सूत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडील लेथवर होते. त्यांच्या तोंडी मिलिमीटर कधी आला नाही, ‘सूत’ यायचं. आठ सूत म्हणजे एक इंच. इकडे अमेरिकेत येऊन विमानांचा मेकॅनिक झालो आणि बोल्टचे नंबर पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आलं. विमानात वापरतात त्या एएन मापाच्या बोल्टची लांबी सुतातच मोजतात! एएन३-५ए म्हणजे ३/१६ इंच जाड आणि साधारण पाच सूत लांब. मग सहा, सात आणि सातनंतर एकदम दहा. आठ आणि नऊ नंबर नाहीतच, कारण आठ सूत झाले की एक इंच, वर शून्य सूत. हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

इलिनॉयमधल्या आमच्या छोट्या धावपट्टीवर एक आजोबा आहेत. (मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणतो.) दोन माणसं बसतील एवढं अॅल्युमिनियमचं विमान त्यांनी गॅरेजमध्ये अकरा वर्षं खपून बांधलं. गावाकडे हे सांगितलं की लोक थापा समजायचे. २०१६ साली अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान ‘मेक इन इंडिया’त मांडलं, तेव्हापासून निदान ऐकून तरी घेतात. स्वतः बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी बांधणाऱ्यालाच करता यावी म्हणून इथे वेगळा दाखला मिळतो. आजोबांकडे तो आहे. पण हल्ली गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरतात, म्हणून दोन वर्षं ते मला बोलावतात.

जुलै होता. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशचा विमानांचा मेळावा दहा दिवसांवर. तंबू, स्टोव्ह, पाण्याचे कॅन असं सगळं विंगेखाली मांडून ठेवलेलं. इंजिन झालं, चाकं झाली. शेपटीकडे गेलो. टेलप्लेनचं, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाचं, टोक आतल्या बरगडीच्या रेघेवर दोन्ही हातांनी धरून हलकेच वर-खाली केलं. उजवीकडे काही नाही. डावीकडे टक्.

आवाज म्हणावा असाही नव्हता, बोटांनाच कळला. म्हटलं, इलेव्हेटरच्या, म्हणजे त्याच्या मागच्या हलत्या भागाच्या, बिजागरीत असेल. इलेव्हेटर त्यांना धरून ठेवायला लावला, पुन्हा हलवलं. पुन्हा टक्. मग फायबरचं झाकण काढलं आणि पुढच्या स्पारच्या (पंखाच्या आतल्या आडव्या तुळईच्या) जोडावर बोट ठेवलं. तिथेच होतं. बोल्टच्या डोक्याभोवती काळी पूड होती, काजळासारखी. अॅल्युमिनियम अॅल्युमिनियमवर घासलं की ही अशी पूड निघते. तेल सांडल्यासारखी दिसते, आणि फडक्याने पुसून विसरून जाणारे पुष्कळ असतात.

आता लाजिरवाणा भाग. गेल्या वर्षी हाच बोल्ट मी बघितला होता. नटावर टॉर्क सीलची, म्हणजे नट आवळल्यावर खुणेसाठी लावतात त्या रंगाची, नारिंगी रेघ होती, ती अखंड होती, आणि मी पुढे सरकलो होतो. रेघ फुटली नाही म्हणजे नट फिरला नाही, एवढंच ती सांगते. आत कुठला बोल्ट आहे, हे तिला काय ठाऊक? यंदा आरसा आणि विजेरी घेऊन नीट पाहिलं, तर बोल्टचं टोक नट जखडणाऱ्या नायलॉनच्या कड्याशी अगदी समपातळीत. बाहेर निदान एक आटा तरी दिसायला हवा. इथे एकही नाही.

बोल्ट काढला. एएन३-५ए. नकाशात तोच होता, पण शेपटीचा कोन जुळवायला आजोबांनी मधे शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घातली होती, तिच्या जाडीने हिशेब बदलला. बोल्टची बिनआट्यांची गुळगुळीत शँक जिथे बसायला हवी होती तिथे आटे आले. आटे म्हणजे कानसच. टेलप्लेन बहुतेक वेळ विमानाची शेपूट खाली दाबत असतं, त्यात प्रॉपेलरच्या वाऱ्याची थरथर. आठशेच्या वर तास ती कानस चालली आणि अँगलमधलं, म्हणजे स्पार विमानाला जोडणाऱ्या काटकोनी पट्टीतलं, भोक लांबट झालं.

भोकाच्या कडेला मला एक केस दिसला. केस की चीर, हे डोळ्यांवर सोडायचं नसतं. साफ केलं, चिरेत शिरणारा लाल डाय लावला, पंधरा मिनिटं थांबलो, फडक्याने पुसला, वर तो डाय ओढून घेणारं पांढरं डेव्हलपर मारलं. तेवढ्या वेळात आजोबा एक शब्द बोलले नाहीत. पांढऱ्यावर हळूहळू बारीक लाल रेघ उमटली. भोकापासून कडेकडे, दोन सूत लांब.

“चिरेच्या टोकाला भोक पाडून थांबवता येईल का?” त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. झाकणाच्या पत्र्याला ते चालतं, शेपूट धरून ठेवणाऱ्या अँगलला नाही. भोक मोठं करून जाड बोल्ट घालावा, तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या दुप्पट जाडीएवढं अंतर हवं. तेही उरत नव्हतं. अँगल नवाच. स्पारचं भोक मोजलं, सुदैवाने ते शाबूत होतं.

ते आत जाऊन बांधणीची वही घेऊन आले. चष्मा वर करून, पान डोळ्यांजवळ धरून त्यांनीच वाचलं: “उजवीकडे -६ए बसवला. डावीकडे लावायला उरला नाही. तात्पुरता -५ए.” पुढच्या पानावर इंजिन. ‘तात्पुरता’ सोळा वर्षं उडत होता.

“आणि नारिंगी रेघ?” मी विचारलं.

“शेवटी सगळ्या नटांवर एकाच दुपारी ओढल्या,” ते म्हणाले, आणि तंबू गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवायला गेले.

ऑशकॉशला ते गाडीने जाऊन आले. मी अँगल कापला, जुन्यावरून भोकं आखली, बारीक ड्रिल करून रीमरने मापात आणली. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जोडणी. आरसा तेच धरणार म्हणून हटून बसले. -६ए आत गेला, नट आधी नुसता फिरवून नायलॉनची ओढ मोजली, ती ठरलेल्या टॉर्कमध्ये, म्हणजे पिळाच्या जोरात, मिळवून नट आवळला. त्यांनी नारिंगी ट्यूब उघडून पुढे केली.

“थांबा,” म्हटलं, “आधी आटे मोजा.”

नटाबाहेर दोन होते. त्यांनी भिंग मागितलं आणि पुन्हा मोजले.