पैसे गेले म्हणजे कुठं गेले?

"दुड्डु होगिदे," पीडीओ सर, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणाले, आणि मी माईकवर तेच मराठीत सांगितलं, "पैसे गेलेत."

देवळाच्या मंडपात एकदम गलका उठला. मागच्या रांगेतली एक आज्जी काठी टेकत उभीच राहिली. "गेले म्हणजे? कुठं गेले? कुणी खाल्ले ते सांगा!" सर माझ्याकडं बघू लागले. ते विजापूरकडचे, बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. आपण असं काय बोललो, ते त्यांना कळेना. माझ्या ध्यानात आलं ते सगळे ओरडायला लागल्यावर. 'दुड्डु होगिदे' म्हणजे सरांना म्हणायचं होतं, पैसे पाठवले, रवाना झाले. आपल्यात पैसे गेले म्हणजे बुडाले. शब्दाला शब्द ठेवला आणि माणसाला चोर ठरवून बसले.

ही 2024 च्या श्रावणातली गोष्ट. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची, जंगलाला लागून असलेली एक पंचायत. त्या वेळी मी सामाजिक लेखापरीक्षणाच्या तुकडीत गावपातळीवर काम करत होते. मनरेगाला आमच्याकडं मराठी घरांतसुद्धा 'उद्योग खात्री'च म्हणतात. 2005 च्या या कायद्याच्या 17 व्या कलमानं कामांची तपासणी करायचा अधिकार ग्रामसभेला दिला होता, आणि 2011 च्या नियमांनुसार तपासणीच्या पंधरा दिवस आधी सगळे कागद आमच्या हातात यावे लागायचे. तपासणारं माणूस त्या पंचायतीतलं नसावं लागायचं, म्हणून मी शेजारच्या पंचायतीतली.

कागद वेळेत मिळाले, पण सगळे कन्नडमध्ये. जॉब कार्ड, मस्टर, मोजमाप पुस्तक, सगळंच. मी मराठी शाळेत शिकले, तरी कन्नड विषय मन लावून केला होता, तो इथं कामी आला. बरोबर मजूर संघटनेतल्या एक आक्का होत्या. तालुक्यातल्या कुठल्या वाडीत कोण भात लावायला कुणाच्या शेतात जातं, कुणाचा मुलगा गोव्यात कामाला आहे, हे त्यांना तोंडपाठ. मी मस्टर वाचायचं आणि त्यांनी विचारायचं, अशी आमची घरोघरची फेरी चालायची. तारीख सांगून कुणालाच काही आठवत नाही. आक्का विचारायच्या, "वळीव झाला न् काम अर्ध्यावर सोडून पळालात, त्या दिवशी कोण कोण होतं गं?" मग नावं भराभर निघायची. सरकारकडं कागद होता, यांच्याकडं आठवण होती. हे दोन्ही एका ओसरीवर आलं की काय सापडतं ते मी त्या दहा दिवसांत पाहिलं. संघटना एकटी गेली असती तर कागद मिळायला अर्जावर अर्ज करावे लागले असते, आणि मी एकटी गेले असते तर वळवाचं मला कुणी सांगितलंच नसतं.

त्यातूनच दोन नावं सापडली. तळ्यातला गाळ काढण्याच्या मस्टरवर ती होती, पण कामावर त्यांना कुणी पाहिलंच नव्हतं. मोबाईलवरच्या हजेरीचे दिवसातले दोन्ही फोटो काढून डोकी मोजली, तर ती दोन कमीच भरली. दोघं कायक बंधूच्याच, म्हणजे कामावर हजेरी घेणाऱ्या मुकादमाच्याच, घरची निघाली. ग्रामसभेत हे वाचलं तेव्हा त्यानं मान खाली घातली. वसुलीचा ठराव दहा मिनिटांत झाला. ते प्रकरण सरळ होतं.

अवघड होतं ते नऊ बायकांचं. चौदा दिवस गाळाच्या बुट्ट्या वाहिल्या. रोज 349 रुपयांप्रमाणे एकेकीचे 4886 रुपये होतात. कागदावर सगळ्यांच्या नावापुढं 'जमा', आणि बँकेच्या पासबुकात एक रुपया नाही. आक्कांना पक्कं वाटत होतं की पैसे पंचायतीतच मुरले. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. म्हणूनच बहुतेक तो शब्द माझ्या तोंडून तसा गेला.

मी माईक परत हातात घेतला. "चूक माझी झाली. सर म्हणाले, पैसे पाठवलेत. खाल्ले असं ते म्हणाले नाहीत." आज्जी खाली बसेना. "मग पाठवलेल्याचा पत्ता दाखवा म्हणावं."

हाच प्रश्न बरोबर होता. सभेवर देखरेखीला नोडल अधिकारी म्हणून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी सभा थांबवली नाही, याचं मला फार बरं वाटलं. पीडीओंनी लॅपटॉप मंडपातच मागवला. जानेवारी 2024 पासून मजुरी आधारवरूनच जायची. मजुरानं पंचायतीत कुठला खातेनंबर दिला आहे, ते तिथं बघितलं जायचं नाही. आधारला शेवटी जे खातं जोडलं असेल, तिकडं पैसे वळायचे. ते कुठलं, हे बघायचं तर ओटीपी लागतो, आणि आज्जीचा ओटीपी जाणार मडगावला, मुलाच्या मोबाईलवर. आक्कांनी फोन लावला. स्पीकरवर पोरगं एकेक आकडा सांगतंय, पीडीओ दाबतायत, आणि सगळा मंडप गप्प.

पडद्यावर भलत्याच बँकेचं नाव आलं. आज्जी म्हणाली, हे नाव मी ऐकलेलंसुद्धा नाही. मग तिच्या शेजारणीला आठवलं. गेल्या वर्षी बाजारात छत्री लावून बसलेल्या एका पोरानं फुकट सिम म्हणून बायकांचे अंगठे घेतले होते, दोन-तीनदा. सिमबरोबर त्यानं खातीही उघडली होती. नवांपैकी सहा जणींचं तसंच निघालं. उरलेल्या तिघींच्या आधारमध्ये आणि जॉब कार्डावर नाव वेगवेगळं होतं, त्यांचे पैसे परत फिरले होते, आणि तरीही कागदावर 'जमा' लिहिलं होतं. हे मात्र पंचायतीचं काम होतं, आणि पीडीओंनी ते सभेत उभं राहून कबूल केलं. कन्नडमध्येच केलं. या वेळी मी एकेक वाक्य थांबवून विचारलं, मगच मराठीत सांगितलं.

इतिवृत्त कन्नडमध्ये लिहिलं गेलं. अंगठे लावायच्या आधी ते मराठीत वाचून दाखवा, असा आक्कांनी हट्ट धरला, तेव्हा जेवणं खोळंबली होती. डॉक्टर म्हणाले, वाचा. मी वाचलं. आज्जीनं एका जागी थांबवलं. "'मजुरांनी तक्रार केली' असं काय लिहिता? नावं लिहा आमची. सगळ्यांची." नऊ नावं घातली गेली.

पुढच्या आठवड्यात बँकेच्या माणसाला गावात बोलावून पाच जणींना पैसे काढून दिले आणि आधार जुन्या खात्याला जोडून घेतलं. तिघींची नावं दुरुस्त झाली, त्यांची मजुरी दिवाळीआधी आली. सहाव्या बाईच्या त्या खात्यातून पैसे कुणीतरी आधीच काढले होते. ती विधवा आहे, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. तिची पोलिसात तक्रार लिहायला आक्का आणि पीडीओ दोघं गेले. एकानं मराठीत समजून घेतलं, दुसऱ्यानं कन्नडमध्ये लिहिलं. पुढच्या ग्रामसभेसाठी मी फाईल लावली, त्यात सगळ्यात वरचा कागद तिचा ठेवला.